मर्सिडीजचं नाव कुणी कमावलं आणि कोण खातंय

प्रश्न निपाणीहून आलाय. घरचा तंबाखूच्या वखारीचा धंदा आहे, आणि दारात एकदा तरी मर्सिडीज-बेंझचा तारा लावलेली गाडी उभी राहावी ही अण्णांची जुनी हौस. पुण्यात २०११ ची ई २५० सीडीआय ही डिझेल मर्सिडीज मिळतेय, पुणे पासिंग, मीटरवर ७८ हजार, मागणी साडेनऊ लाखांची. मित्र म्हणतो, बेंझचं इंजिन दहा लाख किलोमीटर जातं, डोळे झाकून घे. काका म्हणतात, पांढरा हत्ती आहे, दारात बांधू नकोस. दोघांतलं खरं कोण, आणि या कंपनीचं एवढं नाव झालं तरी कसं, असं तुम्ही विचारलंय.

खरं दोघांचंही आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या गाड्यांबद्दल बोलतायत. बेळगावच्या उद्यमबागेत माझं गॅरेज चालू होऊन एकतीस वर्षं झाली. त्याआधी वडिलांच्या हाताखाली पुणे-बेंगळुरूच्या पीबी रोडवर ट्रकांची कामं केली. त्यामुळं मी हे नाव चढताना पाहिलं, घसरताना पाहिलं, आणि आता ते नुसत्या ताऱ्याच्या जोरावर विकलं जाताना बघतोय.

आमच्या भागात बेंझ म्हणजे कार हे फार उशिरा आलं. आमच्या वडिलांच्या तोंडी ‘बेंज’ म्हणजे ट्रक. १९५४ साली टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून ट्रक निघायला लागले. त्यांच्या जाळीवर तारा होता. १९६९ ला करार संपला, तारा गेला, टाटांचं ‘टी’ आलं. पण जुने ड्रायव्हर पुढं कितीतरी वर्षं टाटाच्या ट्रकला बेंजच म्हणत. गूळ, तंबाखू, मिरची, ऊस, सगळं त्याच गाड्यांवर गेलं. जे ओझं दिलं ते उचललं आणि वाटेत मोडली तर वाटेतच दुरुस्त झाली. इकडच्या माणसाच्या मनात या नावाचा पहिला ठसा उमटला तो असा, मालकाच्या कारमुळं नव्हे.

दुसरा ठसा तर तुम्ही स्वतः अनुभवलाय, तुम्हाला माहीत नसेल इतकंच. चंदगड, खानापूर, संकेश्वर लाईनीवर वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या, ट्रॅक्स जीपा पळायच्या ना, पुढं चार, मागं बारा आणि टपावर कोंबड्यांच्या पाट्या? त्या ट्रॅक्समधलं इंजिन म्हणजे मर्सिडीजचं ओएम ६१६. बजाज टेम्पोनं ते आकुर्डीत परवान्यावर बनवलं, आधी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आणि मग ट्रॅक्समध्ये घातलं. जर्मनीत हेच इंजिन २४० डी या कारमध्ये होतं. एकदा माझ्याकडं गोव्याहून आलेली डब्ल्यू १२३ मालिकेतली २४० डी आणि येळ्ळूरची एक वडापची ट्रॅक्स शेजारीशेजारी उघडून ठेवलेल्या होत्या. दोन्हीचं हेडकव्हर काढलं आणि कारच्या मालकाला जवळ बोलावलं. तेच रॉकर, तीच चेन, तोच पंपाचा डौल. बिचाऱ्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, सावकार, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या गाडीचा कमीपणा नाही, त्या ट्रॅक्सचा मोठेपणा आहे.

ते इंजिन टिकायचं कसं ते बघा, कारण दहा लाख किलोमीटरच्या गोष्टीचं मूळ तिथं आहे. २.४ लिटर, चार सिलिंडर, क्रँकला पाच मेन बेअरिंग, ब्लॉक बिडाचा. डिझेल थेट पिस्टनवर न फवारता आधी हेडमधल्या छोट्या प्री-चेंबरमध्ये पेटायचं, आणि तिथून जाळ सिलिंडरमध्ये यायचा. त्यामुळं पिस्टनवर एकदम घणाचा घाव बसत नसे. पंप पूर्ण मेकॅनिकल, वायरिंग म्हणाल तर स्टार्टरची आणि गार इंजिन आधी तापवणाऱ्या ग्लो प्लगची. ताकद होती ६५ ते ७२ हॉर्सपॉवर. म्हणजे एवढ्या लोखंडाकडून काम किती घेतलं, तर फारच थोडं. आपल्या उद्यमबागेत ब्लॉक ओतणाऱ्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा, जाड भिंत आणि कमी ताण असला तर कास्टिंग कशाला मोडतंय? शंभरचा वेग गाठायला त्या गाडीला वीसेक सेकंद लागायची. पण टॅक्सीवाल्याला ती घाई नव्हतीच.

ग्रीसमध्ये ग्रेगोरिओस साखिनिदिस नावाच्या टॅक्सीवाल्यानं १९७६ ची २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयाला दिली. ही गोष्ट सांगताना लोक अर्धी सांगतात. त्यानं तीन इंजिनं आलटूनपालटून वापरली, एक गाडीत असताना दुसरं दुरुस्तीला. म्हणजे न उघडता दहा लाख, हे तिथंही नव्हतं. उघडायला सोपं होतं, आणि उघडून जोडलं की पुन्हा तेवढंच चालायचं, हा त्या गाडीचा खरा गुण.

त्या जुन्या डिझेलची एक गंमत सांगतो. ते बंद व्हायचं व्हॅक्यूमवर. किल्ली फिरवली की पंपावरचा छोटा डबा ओढला जायचा आणि डिझेल तुटायचं. टिळकवाडीतल्या एका डॉक्टरांची गाडी एका रात्री किल्ली काढून हातात घेतली तरी बंदच होईना. घरात पाहुणे झोपलेले आणि दारात गाडी धडधडतेय. उंदरानं बोनेटमध्ये व्हॅक्यूमची बारीक नळी कुरतडली होती. मी फोनवर सांगितलं, बोनेट उघडा, लाल ‘स्टॉप’चा खटका आहे तो दाबा. झाली बंद. सकाळी वीतभर रबरी नळी घातली. आजच्या गाडीत उंदीर शिरला तर बिघाड वाचणारा स्कॅनर लावून दोन दिवस बसावं लागतं.

आता तुम्ही विचारलेला इतिहास. फार मागं जाऊन पाल्हाळ लावत नाही, पण काही माणसं आणि एक बाई माहीत पाहिजेत. मानहाइमच्या कार्ल बेंझनं २९ जानेवारी १८८६ ला तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट मागितलं. एक सिलिंडर, पाऊण हॉर्सपॉवर. तिकडं कानश्टाटला गोटलीब डायम्लर आणि विल्हेल्म मायबाख आपलं स्वतंत्र काम करत होते. बेंझची गाडी बनली खरी, पण घेणार कोण? ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था दोन पोरांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून माहेरी फॉर्ट्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. वाटेत इंधन संपलं तर वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखं पातळ द्रव, घेतलं. नळी तुंबली ती हॅटच्या पिननं साफ केली. उतारावर ब्रेकचा लाकडी ठोकळा झिजला तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आपल्या अथणीचा चपलांचा कारागीर असता तर त्यानं ते आणखी सुबक केलं असतं, तो भाग वेगळा. ब्रेक लायनिंगची सुरुवात तिथं झाली. मी पोरांना कामाला घेतो तेव्हा हीच गोष्ट सांगतो: या कंपनीचा पहिला मिस्त्री एक बाई होती, आणि तिच्याकडं स्कॅनर नव्हता.

‘मर्सिडीज’ हे नाव ना बेंझचं, ना डायम्लरचं. एमिल येलिनेक नावाचा एक श्रीमंत ऑस्ट्रियन फ्रान्समध्ये नीसला राहायचा आणि डायम्लरच्या गाड्या विकायचा, शर्यतीत पळवायचा. १९०० मध्ये त्यानं ३६ गाड्यांची ऑर्डर दिली. अट एकच, नवीन ठेंगणी आणि ताकदवान गाडी बनवा आणि तिला माझ्या मुलीचं नाव द्या. मुलगी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. १९०१ मध्ये ती ३५ हॉर्सपॉवरची गाडी नीसच्या शर्यतीत पळाली आणि बाकीच्या सगळ्या गाड्या एका दिवसात टांग्यासारख्या दिसायला लागल्या. तीन टोकांचा तारा १९०९ मध्ये नोंदला गेला, जमीन, पाणी आणि आकाश अशी त्याची कल्पना. १९२६ मध्ये डायम्लर आणि बेंझ या दोन्ही कंपन्या एक झाल्या. १९३६ मध्ये त्यांनी २६० डी काढली, नियमित उत्पादनात आलेली पहिली डिझेल कार म्हणून तिचं नाव घेतात. टॅक्सीवाल्यांशी या कंपनीचं नातं तिथून पक्कं झालं.

शोरूममध्ये हा इतिहास सांगतात तेव्हा १९३६ नंतर एकदम पन्नासच्या दशकात उडी मारतात. मधलं सांगितलं पाहिजे. नाझी पुढाऱ्यांच्या मिरवणुकीतल्या मोठ्या उघड्या गाड्या याच कंपनीच्या होत्या, आणि युद्धाच्या काळात तिच्या कारखान्यांत हजारो माणसं सक्तीनं राबवली गेली. नाव मोठं असलं तर हेही त्याच नावाच्या खात्यात लिहायचं. १९५५ चा फ्रान्समधल्या ल मां शर्यतीतला अपघातही त्याच खात्यात. शर्यतीत त्यांची गाडी प्रेक्षकांत घुसली, ऐंशीच्या वर माणसं गेली, आणि त्या वर्षाअखेर कंपनीनं शर्यती सोडल्या त्या कैक वर्षांसाठी.

माझ्या मते कंपनीनं खरा मान कमावला तो सुरक्षिततेत, आणि त्याबद्दल आपल्याकडं सगळ्यात कमी बोललं जातं. बेला बारेनी नावाच्या त्यांच्या इंजिनिअरनं १९५१ मध्ये एक उलटी वाटणारी कल्पना मांडली: माणसं बसतात तो डबा कडक ठेवा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपणारा करा, म्हणजे धक्का तिथंच मुरेल. १९५९ पासून त्यांच्या कार तशा निघायला लागल्या. आपल्याकडं अजून लोक बॉनेटवर टिचकी मारून ‘पत्रा कसला जाड आहे’ म्हणतात. हत्तरगीच्या पुढं ट्रकला धडकलेली एक गाडी माझ्याकडं क्रेनवर आली होती. पुढचा भाग चिरमुऱ्याच्या पोत्यासारखा बसलेला, इंजिन खाली सरकलेलं. मी चालकाच्या बाजूचं दार ओढलं तर ते एका हातानं उघडलं. आत काचेचे तुकडे आणि लहान मुलाची एक चप्पल. घरातले सगळे चालत बाहेर पडले होते. मालक मला विचारत होते, ‘एवढी महाग गाडी, एवढी कशी चेपली?’ मी म्हटलं, ती चेपली म्हणून तर तुम्ही मला विचारायला उभे आहात.

पुढं बॉश कंपनीबरोबर काम करून १९७८ मध्ये एस-क्लासला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, १९८१ च्या सुमारास एअरबॅग, १९९५ मध्ये घसरणारी गाडी सावरणारं ईएसपी. आज दहा लाखांच्या गाडीतही जे मिळतं ते तिथं त्या काळीच आलं होतं.

मग घसरण. आपल्याकडं बातमी उशिरा पोचली, पण नव्वदच्या दशकात जर्मनीतच लोक कुरकुरायला लागले होते. आधी गाडी बनवायची आणि मग किंमत लावायची ही जुनी रीत सुटली, हिशेबनीस पुढं आले. नव्वदच्या सुरुवातीच्या काही वर्षांत इंजिनाच्या वायरिंगवरचं आवरण असं निघालं की उष्णतेनं कुरकुरीत होऊन गळून पडायचं. नंतरच्या डब्ल्यू २१० मालिकेला गंज लागायचा, आणि तोही कुठं, तर पुढच्या स्प्रिंगच्या बैठकीला. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये रस्त्यात अचानक हरीण आलं तर गाडी कशी वळते याची चाचणी घेताना नवी छोटी ए-क्लास उलटली. कंपनीनं विक्री थांबवली आणि त्या छोट्या गाडीला सरसकट ईएसपी दिलं. चूक लपवली नाही हे खरं, पण जगात हसू झालं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी लग्न, २००७ मध्ये काडीमोड. मध्येच ई-क्लासला विजेच्या तारांमधून हुकूम घेणारे एसबीसी ब्रेक दिले, २००४ आणि २००५ मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि शेवटी ते ब्रेकच काढून टाकले. डिझेलचा धूर चाचणीत कमी दाखवल्याच्या प्रकरणात २०२० मध्ये अमेरिकेत दीड अब्ज डॉलर भरून तडजोड केली. ज्या डिझेलनं नाव दिलं त्याच डिझेलनं तोंड काळं केलं.

भारतात कंपनी १९९४ मध्ये आली, टेल्कोबरोबर, पुण्यात. पहिली कार निघाली ती डब्ल्यू १२४ मालिकेतली ई-क्लास, जगात जिची मुदत संपत आली होती ती. तेव्हा लोक म्हणाले, जर्मनांनी शिळं वाढलं. माझ्या मते आपलं नशीब, कारण जुन्या रीतीची ती शेवटची ई-क्लास. अजून चांगली ठेवलेली डिझेल १२४ कुणाकडं असेल तर मला कळवा, विकत नाही घेतली तरी बघायला येतो.

तुमच्या मित्राचं दहा लाख किलोमीटर हे १२३ आणि १२४ चं कर्तृत्व. तुम्ही बघताय ती २१२ मालिका, इंजिन ओएम ६५१. बापानं कमावलेलं नाव पोरगा लावतोय. पोरगा वाईट नाही हं. २१०० सीसीत २०४ हॉर्सपॉवर, दोन टर्बो, आणि हायवेला अण्णांच्या हातातला चहाचा कप हलणार नाही. पण आता त्या ट्रॅक्सच्या इंजिनाशी तुलना करा: त्याहून लहान इंजिनाकडून जवळपास तिप्पट काम घेतलंय. तिथं ढिलाई परवडत होती, इथं नाही.

या इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत डिझेल फवारणारे इंजेक्टर पिएझो जातीचे होते आणि ते जगभर त्रासाचे निघाले. कंपनीनं बऱ्याच गाड्यांत ते बदलून दुसऱ्या जातीचे घातले. २०११ ची गाडी म्हणजे नेमकी सीमेवरची, आपल्यासारखी. आधी बदलले असल्याचा कागद मागा. कागद नसेल तर इंजेक्टरची परतीची गळती मोजून घ्या. दुसरं, व्हॉल्व्हची वेळ साधणारी साखळी, म्हणजे टायमिंग चेन, पुढं नाही, मागं गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती सैल झाली तर गाईडसकट नीट काम करायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. ओळखायची खूण म्हणजे थंड इंजिन चालू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद मागून साखळी ओढल्यासारखी खरखर. विकणारा माणूस तुम्ही यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतो, म्हणून बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर चहा प्या, जेवा, चार तास थांबा. तिसरं, पाण्याच्या पंपाजवळ वाळलेल्या कूलंटचे पांढरट डाग आहेत का ते पाहा.

मीटरवरच्या ७८ हजारांवर मी विश्वास ठेवत नाही. आमच्या एका गिऱ्हाईकानं मोठ्या शहरातल्या एका दलालाकडून ‘साठ हजार’ची गाडी आणली. स्कॅनर लावला तर गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये एक लाख ऐंशी हजार. मीटर मागं फिरवणारा सगळीकडं फिरवत नाही. शिवाय ब्रेकच्या पेडलचं रबर आणि चालकाच्या सीटची बाहेरची कड बघा, त्यांना खोटं बोलता येत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाल्यापासून तिकडच्या गाड्याही फिरत फिरत इकडं येतात, तेव्हा आरसी बुकात पहिलं पासिंग कुठलं आहे ते वाचा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं हे विचारायला विसरू नका. त्यात तेल मापायची कांडी नसते, तेल ठरावीक तापमानाला आणून पातळी धरायची असते. मी स्वतः पहिल्या वेळी थंड गाडीत अंदाजानं भरून मोकळा झालो. दोन दिवसांनी तिसऱ्या गिअरला झटके. पुन्हा सगळं तेल माझ्या खिशातून. त्या दिवसापासून अंदाज बंद. इंजिन तेलही २२९.५१ मान्यतेचंच, ‘कुठलंही भारी’ चालत नाही.

आता आपल्या सीमेवरची खास भानगड. कागलचा नाका ओलांडला की राज्य बदलतं. पुणे पासिंगची गाडी निपाणीत कायमची ठेवायची तर बारा महिन्यांच्या आत कर्नाटकात नोंद झाली पाहिजे. तिकडच्या आरटीओची एनओसी, मग इथला आजीवन कर. वीस लाखांवरच्या नव्या गाडीला तो १८ टक्के आणि वर सेस आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणं कमी होतो, पण हिशेब तुमच्या साडेनऊ लाखांवर नाही, मूळ किमतीवर चालतो, आणि ही गाडी नवी असताना चाळीस लाखांच्या घरातली. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, हेलपाटे घालायची तयारी असेल तर. कोल्हापूरच्या मेव्हण्याच्या पत्त्यावर एमएच ०९ करून निपाणीत फिरवायचा सल्ला तुम्हाला चार जण देतील. देऊ देत. शिवाय गाडी पंधरा वर्षांची झाली की पुन्हा पासिंग, आणि २०११ च्या गाडीला ते साल म्हणजे २०२६.

माझा हिशेब असा. कर, चार टायर, दोन्ही तेलं, पुढच्या सस्पेन्शनमधल्या खालच्या आर्मचे रबरी बूश हे धरून पहिल्या वर्षी दोन-अडीच लाख बाजूला काढता येत असतील तरच बोलणी करा. इंजेक्टर निघाले तर वेगळे. चिकोडीच्या आतल्या रस्त्यांवरचे गतिरोधक आणि चोर्ल्याचा पावसाळा या गाडीला मानवत नाही, खालचं कव्हर पहिल्या महिन्यात घासणार. काका म्हणतात तो हत्ती इथं आहे. पण वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर, निपाणी ते पुणे, कधी पंढरपूर, एवढाच वापर असेल तर अण्णांची हौस मोडू नका. २०१३ नंतरची, नव्या तोंडवळ्याची २१२ दीड-दोन लाख जास्त देऊन मिळाली तर ती मी आधी घेईन. पासिंगलाही जास्त वर्षं उरतात.

टोकन देण्याआधी गाडी एक दिवसासाठी इकडं आणायला सांगा. मालक नाही म्हणाला तर तिथंच विषय सोडा. आणली तर संध्याकाळी गॅरेजसमोर लावा, किल्ली माझ्याकडं द्या आणि टिळकवाडीत नातेवाइकांकडं मुक्काम करा. सकाळी सातला या, तोवर कुणी तिला हात लावणार नाही. गार इंजिन मी चालू करतो, तुम्ही मागच्या बाजूला कान लावून उभे राहा.